विद्यापीठाचं ग्रंथालय, नव्या संशोधक विद्यार्थ्यासाठी: कुठली सेवा कामाची, कुठली नावापुरती

पदव्युत्तर वर्गात किंवा पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाची एक फेरी घडवतात. वाचनकक्ष दाखवतात, लॉकर दाखवतात, मोबाइल बंद ठेवायला सांगतात आणि वेबसाइटचा पत्ता देऊन मोकळे होतात. पदवीच्या मुलांना तेवढं पुरतं. संशोधनाला ज्या सेवा लागतात त्या मात्र इमारतीत फिरून दिसत नाहीत, आणि बहुतेक मागितल्याशिवाय मिळतही नाहीत. सरळ मत द्यायचं तर ग्रंथालयाच्या पहिल्या पानावरची मोठी शोधपेटी ही त्याची सर्वांत कच्ची सेवा, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली आंतरग्रंथालयीन देवघेव ही सर्वांत पक्की.

सुरुवात खात्यापासून. प्रवेश विभागाकडून विद्यार्थ्यांची यादी ग्रंथालयाच्या संगणकात ठरावीक दिवसांनी येते, त्यामुळे प्रवेश झाला म्हणजे खातं सुरू झालं असं नाही. सुरू झाल्यावर लॉगिन करून आपला वाचक-वर्ग कोणता नोंदलाय ते आधी बघा. संशोधक विद्यार्थ्याची नोंद पदवीच्या वर्गात झालेली असते, हा नेहमीचा घोळ. त्याचा फटका थेट बसतो: पुस्तकं कमी मिळतात, मुदत अपुरी मिळते, बाहेरून लेख मागवायचा फॉर्म उघडतच नाही, आणि चूक कुठे आहे हे कोणी आपणहून सांगत नाही. देवघेव काउंटरवर प्रवेशाची पावती दाखवली की दुरुस्ती तिथल्या तिथे होते. दुसरी गोष्ट ईमेलची. परतीच्या सूचना विद्यापीठाने दिलेल्या पत्त्यावरच जातात. तो पत्ता उघडत नसाल तर आधी रोजच्या ईमेलवर फॉरवर्ड लावून घ्या. 'सूचना आली नाही' या कारणावर दंड सहसा माफ होत नाही.

शोधपेटी आणि तिच्या मर्यादा

पहिल्या पानावरची शोधपेटी पुस्तकं, लेख, पुस्तक-परीक्षणं, वर्तमानपत्रं, प्रबंध असं सगळं एकाच ढिगात शोधते. नेमकं शीर्षक माहीत असेल तर ती चांगली: शीर्षक अवतरणचिन्हांत टाका, वस्तू आहे की नाही लगेच कळतं. विषय टाकून शोधलंत तर मात्र काही लाख निकाल येतात आणि कामाचं पुस्तक त्याच पुस्तकाच्या चार परीक्षणांखाली गाडलं जातं.

बाजूच्या गाळण्यांमध्ये दोन फसवे सापळे आहेत. 'फक्त पूर्ण मजकूर उपलब्ध असलेले' ही खूण बऱ्याच ठिकाणी आधीपासून टिचकवलेली असते; त्यामुळे ग्रंथालयाकडे ऑनलाइन नसलेलं, पण मागवून मिळू शकणारं साहित्य दिसतच नाही. साहित्याचा आढावा लिहिताना ही खूण काढून टाका. दुसरी खूण 'पीअर रिव्ह्यूड', म्हणजे त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांनी तपासलेलं. ती लेखाला नव्हे, जर्नलला लागते. त्यामुळे चांगल्या जर्नलातलं संपादकीय, पत्रव्यवहार, परीक्षण हेही त्या गाळणीतून सुखरूप पार होतात. लेखाची तपासणी झाली होती का, हे लेख उघडूनच बघावं लागतं.

पुस्तकांसाठी जुना ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची, अजूनही सरस. एक नेमकं पुस्तक शोधा, त्याची नोंद पूर्ण उघडा आणि खाली दिलेल्या विषय-शीर्षकावर टिचकी मारा. ती शीर्षकं नोंदकाराने ठरावीक यादीतून लावलेली असतात, म्हणून शीर्षकात तुमचा शब्द नसलेली पुस्तकंही एका ठिकाणी सापडतात.

लेखांसाठी विषयाचा डेटाबेस उघडा. वैद्यकाला पबमेड, अभियांत्रिकीला आयईईई एक्सप्लोर, मानसशास्त्राला सायकइन्फो. आणि कोणी कोणाचा संदर्भ दिला हे पाहायला स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स. इथे शोधवाक्य बांधावं लागतं. समजा विषय पूर आणि स्थलांतर असा आहे. वाक्य असं होईल: (फ्लड* ऑर इनन्डेशन) अँड (मायग्रेशन ऑर डिस्प्लेसमेंट). अर्थात टाइप करायचं ते रोमन लिपीत, आणि अँड-ऑर मोठ्या अक्षरांत. कंस गाळू नका. पबमेड वाक्य डावीकडून उजवीकडे ओळीने सोडवतं, काही डेटाबेस अँड आधी सोडवतात. तेच शब्द, पण कंस नसतील तर दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात. शब्दाच्या शेवटच्या तारांकनाने फ्लड, फ्लड्स, फ्लडिंग तिन्ही येतात, पण मूळ फार तोकडं ठेवू नका. 'कॅट' नंतर तारा लावलात तर मांजरांबरोबर गुरं, वर्ग आणि रसायनशास्त्रातले उत्प्रेरकही येतील.

गूगल स्कॉलर वापरू नका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पण त्याच्या मर्यादा ओळखा. ते एका शोधाचे पहिले १००० निकालच दाखवतं, शब्दाच्या शेवटी तारा लावून शोध होत नाही, आणि आत काय आहे याची पूर्ण यादी जाहीर नाही. पद्धतशीर आढाव्याचा एकमेव आधार म्हणून ते चालत नाही. 'सायटेड बाय'चा, म्हणजे या लेखाचा संदर्भ पुढे कोणी दिला ते दाखवणारा, दुवा मात्र फुकटात इतका चांगला दुसरीकडे क्वचित मिळतो. एक सेटिंग लगेच करून टाका: सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स' उघडा, आपल्या विद्यापीठाचं नाव शोधा, खूण करा, सेव्ह करा. मग निकालाशेजारी विद्यापीठामार्फत लेख उघडायचा दुवा दिसायला लागतो.

शोधाची वही ठेवा. तारीख, डेटाबेस, जसंच्या तसं शोधवाक्य, लावलेल्या गाळण्या, निकालांची संख्या. प्रिझ्मा पद्धतीने, म्हणजे पद्धतशीर आढाव्यासाठी ठरलेल्या नियमांनी, आढावा लिहायचा तर हे सगळं द्यावंच लागतं, आणि वर्षभराने आठवून लिहिता येत नाही.

घरून जर्नल उघडणं

सर्वाधिक तक्रारी इथल्याच, आणि बहुतेकांची कारणं ठरलेली. वर्गणीचं जर्नल प्रकाशकाच्या साइटवर असतं. तुम्ही विद्यापीठाच्या नेटवर्कवर असाल तर प्रकाशक आयपी पत्ता ओळखून दार उघडतो. घरून तो पत्ता वेगळा, म्हणून मधे प्रॉक्सी (विद्यापीठाच्या पत्त्यावरून पान आणून देणारा मधला सर्व्हर), व्हीपीएन (घरून विद्यापीठाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) किंवा संस्थेचं लॉगिन यांपैकी एक काहीतरी लागतं.

ईझीप्रॉक्सीसारखी व्यवस्था असेल तर लॉगिन झाल्यावर ब्राउझरमधला पत्ता नीट पाहा. प्रकाशकाच्या नावातल्या टिंबांच्या जागी आडव्या रेघा आलेल्या असतात आणि त्याला शेपटीसारखं विद्यापीठाच्या प्रॉक्सीचं नाव जोडलेलं असतं. हे दिसलं म्हणजे तुम्ही बरोबर दारातून आत आलात. नाही दिसलं आणि पान पैसे मागतंय, तर तुम्ही शोधयंत्रावरून थेट प्रकाशकाकडे गेला आहात. पैसे कधीही भरू नका. मागे येऊन ग्रंथालयाच्या दुव्यावरून जा, किंवा ग्रंथालयाने दिलेलं बुकमार्कलेट ब्राउझरच्या पट्टीवर ठेवा. कुठल्याही लेखाच्या पानावर ते दाबलं की तेच पान प्रॉक्सीतून उघडतं.

तो लांबलचक बदललेला पत्ता बुकमार्क करू नका आणि गाईडना पाठवूही नका. सेशन संपलं की तो कामाला येईलच असं नाही, आणि दुसऱ्या संस्थेतल्या माणसाला तर तो तुमच्या विद्यापीठाचं लॉगिन मागेल. जपायचा असतो तो डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक. प्रकाशकाने साइट बदलली तरी डीओआयवरून लेख सापडतो.

व्हीपीएन जोडलेलं असूनही लेख उघडत नसेल तर पहिला संशय स्प्लिट टनेलवर घ्या. या मांडणीत फक्त विद्यापीठाच्या अंतर्गत साइट व्हीपीएनमधून जातात. प्रकाशकाकडे जाणारी वाहतूक घरच्याच जोडणीवरून जाते, म्हणून त्याला तुम्ही बाहेरचे दिसता. जोडताना पूर्ण टनेलचा पर्याय असेल तर तो निवडा. संस्थेच्या लॉगिनमध्ये वेगळीच गंमत: यादीत एकसारख्या नावाची चार विद्यापीठं असतात, एकाच विद्यापीठाचे दोन परिसर असतात, आणि चुकीचं निवडलं की लॉगिन होतं पण हक्क मिळत नाही. ब्राउझर ती निवड लक्षात ठेवतो. त्या साइटच्या कुकीज पुसून पुन्हा निवडा.

कधीकधी सगळं बरोबर असूनही लेख मिळत नाही, कारण ग्रंथालयाने तेवढी वर्षं घेतलेलीच नसतात. जर्नलांची अ ते ज्ञ यादी उघडून वर्षांचा रकाना वाचा. एकच जर्नल तीन ठिकाणी असू शकतं: प्रकाशकाकडे अलीकडची वर्षं, जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहावर जुनी, आणि एखाद्या संकलनात मधली, तीही ताजे बारा महिने वगळून. जेस्टोरवर अनेक जर्नलांना सरकती भिंत असते. गेल्या तीन ते पाच वर्षांचे अंक तिच्यापलीकडे राहतात. एका ठिकाणी बंद दिसलं म्हणून पुढच्या ओळीवरचा दुवा न दाबता परतू नका.

बिघाड कळवताना 'लेख उघडत नाही' एवढंच लिहिलंत तर उलट प्रश्न येण्यात दोन दिवस जातात. लेखाचा दुवा, वेळ, परिसरात होतात की बाहेर, ब्राउझर, आणि पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट एकाच ईमेलमध्ये द्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: स्क्रिप्ट लावून अख्ख्या जर्नलचे अंक उतरवणं. प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते आणि प्रॉक्सीचा आयपीच बंद करते. तो पत्ता सगळ्यांचा सामायिक, त्यामुळे घरून काम करणाऱ्या साऱ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबतो, आणि नोंदींवरून तुमचं नाव काढायला ग्रंथालयाला फार वेळ लागत नाही. मजकूर-विश्लेषणासाठी हजारो लेख खरंच हवे असतील तर तसं कळवा. बऱ्याच प्रकाशकांकडे त्यासाठी वेगळा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने मजकूर मागवायचा अधिकृत मार्ग, असतो.

कपाटातलं पुस्तक

ओपॅकवर 'उपलब्ध' दिसतं आणि जागेवर पुस्तक नसतं. निम्म्या वेळा ते तिथेच असतं, बोधांक, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणारा क्रमांक, चुकीचा वाचलेला असतो. ड्यूईच्या दशांश पद्धतीत, म्हणजे १८७६ पासून चालत आलेल्या पद्धतीत, टिंबानंतरचे आकडे खरोखर दशांश असतात. ३३८.१२ हे ३३८.२ च्या आधी येतं. बारा दोनापेक्षा मोठे म्हणून पुढे शोधत गेलात तर सापडणार नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत आणखी एक मेख आहे. 'क्यूए ७६.७३ पी९८' हा पायथन भाषेच्या पुस्तकांचा अंक घ्या. क्यूए नंतरचा ७६ पूर्णांक म्हणून वाचायचा, म्हणून क्यूए ७६ आधी आणि क्यूए २७३ नंतर. पण पी नंतरचा ९८ दशांश म्हणून वाचायचा, त्यामुळे पी२२४ हे पी९८ च्या आधी लागतं. एकाच चिठ्ठीवर दोन नियम. रंगनाथनांची १९३३ ची कोलन पद्धत जिथे अजून चालते तिथे चिन्हांचा क्रम वेगळाच असतो. तिथे सरळ कर्मचाऱ्याला विचारलेलं बरं.

बोधांक बरोबर असूनही पुस्तक नसेल तर आधी परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली बघा, मग आजूबाजूच्या दोन-दोन फळ्या, मग जवळची टेबलं. तरीही नसेल तर शोधविनंती भरा. हे बहुतेक जण टाळतात आणि चार महिने तेच पुस्तक पुन्हा पुन्हा शोधत राहतात. विनंती आली की कर्मचारी ठरावीक वेळा शोधतात, मिळालं नाही तर नोंद 'गहाळ' करतात, आणि तेव्हाच नवी प्रत घेण्याचा किंवा बाहेरून मागवण्याचा मार्ग मोकळा होतो. परीक्षेच्या दिवसांत काही महाभाग पुस्तक मुद्दाम दुसऱ्याच विषयाच्या फळीवर खोचून ठेवतात, तेही गृहीत धरा.

ई-बुकांबद्दल फारसं कौतुक करण्याजोगं नाही. ग्रंथालयाने परवाना किती वाचकांचा घेतला यावर सगळं ठरतं: एका वेळी एक, एका वेळी तीन, किंवा कितीही. एक-वाचक परवान्याचं पुस्तक कोणी टॅब उघडा टाकून जेवायला गेलं तर इतरांना ते 'वापरात आहे' दिसतं. वाचून झाल्यावर पुस्तक परत करण्याचं बटण दाबा, नुसती खिडकी बंद करणं पुष्कळदा पुरत नाही. उतरवण्यावर पानांची मर्यादा असते आणि पूर्ण पुस्तक उतरवलं तर ते ठरावीक दिवसांनी आपोआप बंद होतं. काही शैक्षणिक प्रकाशकांच्या साइटवर मात्र प्रकरणवार साधी पीडीएफ मिळते, तिला कुलूप नसतं. म्हणून तेच पुस्तक दोन ठिकाणी असेल तर प्रकाशकाची साइट निवडा.

आंतरग्रंथालयीन देवघेव

आपल्या ग्रंथालयात नसलेला लेख, प्रकरण किंवा पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देणारी ही सेवा. अनेक विद्यापीठांत ती विद्यार्थ्याला मोफत किंवा नाममात्र शुल्कात मिळते, आणि तरीही पहिल्या वर्षी ती वापरणारे थोडेच. लेख असेल तर स्कॅन होऊन काही दिवसांत पीडीएफ येते. पुस्तक प्रत्यक्ष प्रवास करतं, त्याला एक ते तीन आठवडे धरा. परदेशातून येणार असेल तर जास्त.

मागणी करण्याआधी तीन ठिकाणी पाहा. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे विस्तारक बसवा. लेखाची मोफत प्रत कुठे कायदेशीर उपलब्ध असेल तर पानाच्या कडेला हिरवी खूण दिसते. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र असेल तर आर्काइव्ह हे संशोधकांनी आपले लेख मोफत ठेवायचं ऑनलाइन भांडार पाहा, ते १९९१ पासून चालू आहे. नाहीच तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात.

फॉर्म भरताना जर्नलचं पूर्ण नाव, वर्ष, खंड, अंक, पानं आणि डीओआय द्या. जर्नलाचं संक्षिप्त रूप देऊ नका. एकाच संक्षेपाची तीन जर्नलं निघतात. पुस्तक असेल तर आयएसबीएन आणि कुठली आवृत्ती चालेल तेही लिहा, नाहीतर दुसरी आवृत्ती येईल आणि पानांचे संदर्भ जुळणार नाहीत. एका पुस्तकातलं एकच प्रकरण हवं असेल तर प्रकरणच मागा, पुस्तक नको. ते लवकर येतं. तीन-चार प्रकरणं मागितलीत तर कॉपीराइटच्या मर्यादेपायी विनंती परत येईल, तेव्हा पूर्ण पुस्तकच मागवा.

विनंत्या फेटाळल्या जाण्याचं जुनं कारण म्हणजे अर्धवट संदर्भ. नवं कारण म्हणजे अस्तित्वात नसलेला संदर्भ. चॅटबॉटने दिलेल्या यादीत लेखक खरा, जर्नल खरं, खंड शक्यतेतला, आणि लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही असं होतं. मागणीआधी डीओआय उघडून बघा आणि त्या अंकाच्या अनुक्रमणिकेवर नजर टाका. कर्मचाऱ्यांचे दोन तास भुताच्या शोधात गेले तर तुमच्या पुढच्या विनंतीकडे ते जरा थंडपणेच बघतील, आणि त्यांचं चूक नाही.

आलेल्या पुस्तकाची मुदत देणारं ग्रंथालय ठरवतं. नूतनीकरण बहुधा मिळत नाही. मुखपृष्ठावर चिकटवलेली कागदी पट्टी काढू नका, परतीचा सगळा हिशोब तिच्यावर असतो. पीडीएफचा दुवा काही दिवसांनी किंवा काही वेळा उघडल्यावर बंद होतो, म्हणून आली की लगेच उतरवून ठेवा.

विषयाचा ग्रंथपाल

बऱ्याच विद्यापीठांत प्रत्येक विभागामागे एक ग्रंथपाल नेमलेला असतो. त्याच्याबरोबरची तासाभराची भेट आठवडाभराची वाट वाचवू शकते, पण तयारीने गेलात तर. आधी ईमेल करा: संशोधनाचा प्रश्न दोन वाक्यांत, आत्तापर्यंत कुठल्या डेटाबेसमध्ये कुठलं वाक्य टाकून पाहिलं, किती निकाल आले, अगदी जवळचे वाटलेले दोन-तीन लेख, आणि कशात अडकलात. नुसतं 'माझ्या विषयावर साहित्य हवंय' लिहिलंत तर सामान्य मार्गदर्शिकेचा दुवा उत्तरादाखल येतो.

तो काय करत नाही तेही माहीत हवं. आढावा लिहून देत नाही, सांख्यिकी करून देत नाही, आणि विषय निवडून देत नाही. दर्जा माणसागणिक बदलतो. जिथे एकाकडे सहा विभाग असतात तिथे विषयाची खोल जाण अपेक्षू नका, पण शोधवाक्याची घडण आणि डेटाबेसांची निवड यांत तो तुमच्या गाईडपेक्षाही सरस असू शकतो. सिनॉप्सिस द्यायच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

खरेदीची शिफारसही याच माणसाकडे जाते. 'हे पुस्तक घ्या' एवढंच न लिहिता कुठल्या प्रकरणासाठी हवं, आणखी कुठल्या अभ्यासक्रमाला चालेल, हे दोन ओळींत लिहिलं तर शिफारस मान्य होण्याची शक्यता वाढते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस निधी संपलेला असतो, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच मागा.

अजून एक फारसं कुणाला ठाऊक नसलेलं काम. काही ग्रंथालयांचे प्रकाशकांशी करार असतात, त्यांत लेख खुला प्रकाशित करण्याचं शुल्क लेखकाला भरावं लागत नाही. अट साधारण अशी: पत्रव्यवहाराचा लेखक त्या विद्यापीठाचा हवा आणि लेख पाठवताना विद्यापीठाचाच ईमेल वापरलेला हवा. लेख स्वीकारला गेल्यावर विचारून उपयोग नाही, पाठवण्यापूर्वी यादी पाहा.

संदर्भ सांभाळणं

ग्रंथालयाच्या कार्यशाळांत संदर्भ साठवून ते लिखाणात आपोआप लावणाऱ्या सॉफ्टवेअरची झोटेरो, मेंडेली, एंडनोट अशी तीन नावं येतात. नव्याने सुरू करणाऱ्याने झोटेरो घ्यावं. ते मोफत आहे, खुलं आहे, आणि विद्यापीठ सोडल्यावरही तुमचंच राहतं. एंडनोट ताकदवान, पण विद्यापीठाने दिलेला परवाना पदवीबरोबर संपतो. मेंडेली २०१३ पासून एल्सव्हिअरच्या मालकीचं आहे. चालतं, पण आता त्याच्याकडे वळण्याचं ठोस कारण दिसत नाही.

झोटेरोचे तीन भाग असतात: मूळ प्रोग्रॅम, ब्राउझरचं कनेक्टर, आणि वर्डमधलं जोडकाम. संदर्भ नेहमी लेखाच्या स्वतःच्या पानावरून जतन करा. जुनी पीडीएफ थेट आत ओढली तर माहिती अर्धवट येते किंवा येतच नाही. मोफत जागा ३०० एमबी आहे, पीडीएफ ठेवल्यात तर ती लवकर भरते. नुसत्या नोंदींना ती मोजली जात नाही, म्हणून फायलींचं सिंक बंद ठेवून नोंदींचं चालू ठेवता येतं. एक धोका मात्र टाळा: झोटेरोचा डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या क्लाउड फोल्डरमध्ये हलवू नका. दोन यंत्रांवर एकाच वेळी बदल झाले की डेटाबेस खराब होतो. झोटेरो तयार करणारेच हे करू नका म्हणतात.

जतन झालेली नोंद खरी मानून पुढे जाऊ नका. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येतं, आडनाव आणि नाव उलटसुलट होतात, आयोग किंवा मंत्रालय लेखक असेल तर त्याच्या नावाचे आडनाव-नाव असे दोन तुकडे पडतात. संस्थेच्या नावासाठी लेखकाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून तो एकसंध करा. वर्डमध्ये आलेला संदर्भ हाताने दुरुस्त केलात तर पुढच्या अद्ययावतीत तो पुन्हा पूर्ववत होतो. दुरुस्ती झोटेरोतल्या नोंदीत करा. मागे घेतलेल्या लेखांना झोटेरो लाल पट्टी दाखवतं. प्रबंध देण्याआधी त्यासाठी एकदा पूर्ण संग्रहावर नजर फिरवणं फायद्याचं.

समानता तपासणी

मजकूर इतरत्र कुठे जुळतो का हे पाहणाऱ्या टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरचा अहवाल बहुतेक ठिकाणी ग्रंथालयामार्फत मिळतो. यात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कच्चा मसुदा साठवणीत जाऊ देणं. पहिल्यांदा तपासताना 'साठवू नका' हा पर्याय निवडला नाही तर तो मसुदा सॉफ्टवेअरच्या भांडारात बसतो, आणि सहा महिन्यांनी अंतिम प्रबंध तपासला की तो तुमच्याच मसुद्याशी जवळजवळ पूर्ण जुळतो. मग तो काढून टाकायचा अर्ज, प्रशासकाची मान्यता, वाट पाहणं. ग्रंथालयातला कर्मचारी तपासणार असेल तरी हे तोंडाने सांगा आणि ईमेलवरही लिहा.

टक्का हा नुसता मजकूर जुळण्याचा आकडा आहे. ग्रंथसूची, अवतरणं आणि बारीकसारीक जुळण्या वगळून अहवाल मागा, आणि वगळण्याचे नियम विद्यापीठाने काय ठरवलेत ते लेखी पाहा. स्वतःचा प्रकाशित शोधनिबंध प्रकरणात घेतला असेल तर तेवढा स्रोत वगळण्याची तरतूद असते, पण ती मागावी लागते. प्रबंध मराठीत असेल तर तो युनिकोडमध्येच टंकित हवा. जुन्या फॉन्टातल्या मजकुराची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला मात्र ती रोमन चिन्हांची खिचडी असते, आणि येणाऱ्या टक्क्याला काहीच अर्थ नसतो.

बाकीचं थोडक्यात

राखीव पुस्तकं दोन तासांसाठी किंवा रात्रभरासाठी मिळतात, आणि त्यांचा दंड दिवसावर नव्हे, तासावर चढतो. तुमच्याकडचं पुस्तक दुसऱ्याने मागितलं तर मुदत मधेच कमी होते, हे ईमेल न वाचणाऱ्यांना उशिरा कळतं. स्कॅनर ओसीआरसाठी, म्हणजे छापील पानाचा शोधता येणारा मजकूर करण्यासाठी, वापरणार असाल तर ३०० डीपीआय ठेवा. त्याखाली जोडाक्षरं तुटतात, त्यावर फाइल उगीच जड होते. वैयक्तिक अभ्यासकक्ष असतील तर अर्ज सत्राच्या पहिल्या दिवशी करा. मोठी डेटाफाइल कुठे ठेवायची हा प्रश्न ग्रंथालयाला विचारता येतो. विद्यापीठाचं स्वतःचं भांडार नसेल तर सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं झेनोडो हे खुलं भांडार एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि डीओआय देतं.

निघण्याच्या वेळची कामं प्रबंध जमा करण्याच्या धावपळीत राहून जातात. नो ड्यूजसाठी फक्त पुस्तकं परत करून भागत नाही. लॉकरची किल्ली, बाहेरून मागवलेलं पुस्तक, जुना रुपया-दोन रुपयांचा दंड, यांपैकी काहीही नोंदीत राहिलं तर सही होत नाही. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई नवी प्रत आणून देता येते का ते आधी विचारा, काही ठिकाणी किंमतीवर प्रक्रिया-शुल्कही लावतात. डेटाबेसमधल्या सूचना, ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) आणि झोटेरो यांना विद्यापीठाचा ईमेल जोडलेला असेल तर वैयक्तिक पत्ता जोडून घ्या. ऑर्किडला दोन्ही पत्ते एकाच वेळी ठेवता येतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी करून ठेवलेलं चांगलं. माजी विद्यार्थ्यांचं कार्ड मिळालं तरी त्यावर पुस्तकं आणि वाचनकक्ष एवढंच चालतं. वर्गणीची जर्नलं घरून उघडण्याची सोय नोंदणी संपलेल्या तारखेला किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत बंद होते. मौखिक परीक्षा व्हायची असेल आणि नोंदणी आधीच संपत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज गाईडच्या सहीने त्या तारखेपूर्वी द्या.